दोराचे दुसरे टोक

कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतले तेव्हा त्याच्याजवळ काय काय नव्हते, याची यादी कीर्तनकार मोठ्या तपशिलाने देतात. कवचकुंडले नव्हती. ऐन वेळी विद्या आठवत नव्हती. पण त्याच्याजवळ फावडे नव्हते, हे सांगणारा कीर्तनकार मला अजून भेटायचा आहे. दोर नव्हता. आणि मुख्य म्हणजे ओढून काढायला दुसरा रथ जवळपास नव्हता. सारथी होता, पण तो शल्य. यजमानाचा पाणउतारा करण्यातच त्याचा दिवस गेलेला. शेवटी एवढा महारथी स्वतः खाली उतरला आणि दोन्ही हातांनी चाक उपसू लागला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

लहानपणी या जागी मला रडू यायचे. आता सत्तरीत रडू येत नाही, प्रश्न पडतात. एक परशुरामाकडची विद्या सोडली, तर या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितले होते का? दारी आलेल्याला देत गेला, देत गेला. मागायची सवयच नाही. आणि शेवटी जेव्हा 'क्षणभर थांब' एवढेच मागायची वेळ आली, तेव्हा समोर उभा कोण, तर अर्जुन! देण्याचा सराव दांडगा आणि घेण्याचा शून्य, असे झाले की माणसाची हाक नको तेव्हा आणि नको त्याच्याकडे जाते.

तेव्हा प्रश्न असा : रुतलेल्या माणसाने हाक मारणे यात कमीपणा आहे काय? आणि याच प्रश्नाचे धाकटे भावंड : ज्याने हाक ऐकली, त्याने नुसते धावून जाणे पुरेसे आहे काय?

हे प्रश्न खरे म्हणजे एखाद्या देवळाच्या ओट्यावर पडायला हवेत. मला पडले ते शारजातल्या एका मोटारीच्या सामानाच्या दुकानात.

आमचा भाचा गेली पंधरा वर्षे शारजात असतो. आम्ही उभयता हिवाळ्यात त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की माणसे जशी लोणावळ्याकडे धावतात, तशी तिकडची माणसे थंडी पडली की वाळवंटाकडे धावतात. भाच्याने त्यासाठी चारी चाकांना जोर पोहोचवणारी एक जुनी दणकट गाडी घेतली आहे. हा त्याचा एक छंद. दुसरा छंद म्हणजे आपल्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, शारजाला येऊन राहा म्हणून आग्रह करणे. ताई डोंबिवलीला एकटी असते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे कुरकुरतात. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेली बाई. 'मला कुणाचं काही नको' हे तिचे ब्रीदवाक्य. दर रविवारी भाचा फोन करतो, विषय शारजावर आला की पलीकडून, 'बरं ठेवते, गॅस चालू आहे.' भाच्याच्या हिशेबाने ताईचा गॅस गेली चार वर्षे सलग चालू आहे.

तर दुकान. वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढायचे सामान एवढ्या प्रकारचे असते, याची मला कल्पना नव्हती. भाच्याने यादी केली होती आणि यादीवर मथळा होता : 'स्वयंपूर्णता'. मालक केरळचे, अर्धे आयुष्य त्याच गल्लीत काढलेले. त्यांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि हिंदीत विचारले, "किती गाड्या जाता?"

"दोन-तीन असतात. पण एखादे वेळी एकटाच गेलो तर सगळं जवळ असावं म्हणून—"

"एकटे जाणार असाल तर हा दोर घेऊ नका," मालक शांतपणे म्हणाले. "पैसे वाया."

धंद्याच्या मुळावर येणारे असे वाक्य दुकानदाराच्या तोंडून ऐकायला मिळणे हे भाग्य. मी दोर हातात घेऊन पाहिला. नऊ मीटर लांब, मनगटासारखा जाड, आणि दोन्ही टोकांना फासे. दोन्ही टोकांना! एक फासा तुमच्या गाडीला. दुसरा कुठे? भाच्याच्या 'स्वयंपूर्णते'तली सर्वांत महाग वस्तू दुसऱ्या माणसाशिवाय बिनकामाची होती. विंच म्हणून तार गुंडाळणारे यंत्र असते, त्याचेही तेच. तारेला धरायला समोर काहीतरी हवे, आणि वाळवंटात झाड नसते. मग म्हणे आपली स्टेपनी वाळूत खोल पुरायची आणि तिला तार बांधून स्वतःला ओढायचे. म्हणजे एकट्याने बाहेर यायचे तर आधी आपलेच एक चाक पुरावे लागते. मी तेवढ्यावर अर्धा दिवस विचार करत होतो.

सगळ्यांत स्वस्त वस्तू मात्र मला सर्वांत आवडली. बोटभर लांबीची, टायरमधली हवा सोडायची पितळी नळी, आणि तिच्या जोडीला हवा मोजायचे गेज. रस्त्यावर त्या गाडीच्या टायरात पस्तीस पौंड हवा असते. वाळूच्या तोंडाशी आल्यावर ती पंधरा-सोळापर्यंत उतरवतात. टायर खाली जरा पसरतो, पण रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो, आणि त्याचा जमिनीवरचा ठसा लांबट होतो. तोच भार मोठ्या जागेवर वाटला गेला की वाळू गाडीला पेलते. एवढेच शास्त्र. अडीच टनाची गाडी, तिचा तो घोड्यांच्या भाषेत सांगितला जाणारा जोर, आणि सगळे अवलंबून कशावर, तर थोडा फुगारा कमी करण्यावर!

फुगारा कमी केल्याने तरतात अशी माणसेही मी पाहिली आहेत. आमच्या सोसायटीत एक निवृत्त अधिकारी आहेत. पहिली दोन वर्षे ते पस्तीस पौंडांवरच चालत असत आणि वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत जिथे जातील तिथे रुतत. हल्ली बरेच उतरले आहेत, सगळीकडे जातात. पण या शास्त्राची एक दुसरी बाजूही आहे. हवा फार उतरवली, दहाच्याही खाली नेली, तर वळणावर टायर रिंगवरून सुटतो. आणि वाळूतून बाहेर आल्यावर पुन्हा हवा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर भरधाव निघालात, तर टायर तापून फुटतो. म्हणून हवा सोडायच्या नळीबरोबर हवा भरायचा कंप्रेसरही घ्यावा लागतो. नम्रता हा सद्गुण खरा, पण तोही प्रसंग पाहून. हमरस्त्यावर फार नम्रपणे चालणाऱ्याला ट्रकवाले काय म्हणतात ते आपण ऐकतोच.

या सामानाचा आद्यपुरुष म्हणावा असा एक इंग्रज लष्करी इंजिनिअर होऊन गेला. राल्फ बॅग्नोल्ड त्याचे नाव. १९२० च्या दशकात ईजिप्तमध्ये नेमणूक असताना या गृहस्थाने सुट्टीत काय करावे? फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरावे! वाळूत रुतलेले चाक काढायला त्याला लोखंडी पन्हळी मिळाल्या त्या कैरोच्या एका भंगारवाल्याकडे. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर म्हणून वापरायला केलेल्या. त्या चाकापुढे टाकायच्या, गाडी चार पावले पुढे जाते, पुन्हा उचलायच्या, पुन्हा पुढे टाकायच्या. टायरची हवा कमी करायची युक्तीही त्याच्या मंडळींनी घोटून पक्की केली. १९४० साली त्याच अनुभवावर त्याने वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे लष्करी पथक उभारले आणि १९४१ साली वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला. आज दुकानात मिळणाऱ्या नारिंगी प्लॅस्टिकच्या खाचेदार फळ्या म्हणजे त्याच पन्हळींची नातवंडे. नारिंगी अशासाठी, की गाडी त्यांच्यावरून गेली की त्या वाळूत गडप होतात आणि मग शोधाव्या लागतात. उपकार करणारी वस्तू उपकार झाल्याबरोबर दिसेनाशी होते. माणसांना हे जमत नाही. आपण नारिंगी रंग तसाच ठेवून समोर उभे राहतो.

आता प्रत्यक्ष वाळवंट. म्लेहा नावाच्या भागात आम्ही भल्या सकाळी गेलो. तीन गाड्या, प्रत्येकीला काठीवर उंच झेंडा. टेकडीपलीकडून येणाऱ्याला गाडी दिसण्याआधी झेंडा दिसावा म्हणून. आमची ही मागच्या सीटवर दोन्ही हातांनी चकल्यांचा डबा धरून बसली होती. वाळूच्या लाटेवर चढताना तिने रामरक्षा सुरू केली आणि उतरताना ती संपवली, एवढाच तिचा प्रवासवर्णनाचा भाग.

एका खोलगट जागी एक नवीकोरी पांढरी गाडी रुतलेली दिसली. तरुण नवराबायको आणि वर्षाचे मूल. तरुण आपल्याकडचाच, चेहऱ्यावर 'सगळे ठीक आहे' असा भाव. गाडीच्या टपावर फळ्या बांधलेल्या, त्यांच्यावरची किमतीची चिठ्ठीदेखील तशीच. आमच्यातल्या एकाने विचारले, "मदत करू का?"

"नको नको, थँक यू, मी मॅनेज करतो."

आणि त्याने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. रुतलेल्या गाडीला जोर दिला की ती पुढे जात नाही, खाली जाते, हा वाळूचा पहिला धडा. चाक फिरते ते खड्डा खणण्यासाठी. अर्ध्या तासात त्याने मॅनेज करून गाडी पोटापर्यंत पुरली. तेवढा वेळ आमची मंडळी लांब उभी राहून सल्ले देत होती. रुतलेल्या माणसाभोवती दोर कमी आणि सल्ले जास्त, ही गोष्ट डोंबिवलीपासून म्लेहापर्यंत सारखीच.

शेवटी तो उतरला आणि म्हणाला, "बरं, लावा दोर." आता हा शब्द उच्चारायला त्याला किती जोर लागला असेल ते मी ओळखून होतो. कुणीतरी उत्साहाने दोराचा फासा गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला अडकवलाही. इतक्यात एक जुनाट पिकअप येऊन थांबली. तिच्यातून पांढरा कंदुरा घातलेले, माझ्या वयाचे एक स्थानिक गृहस्थ उतरले. त्यांनी लांबूनच हात वर केला. "रुको! इधर नहीं. आदमी मरता है."

भाच्याने मग मला समजावले. हा दोर साधा नसतो, नायलॉनचा असतो आणि रबरासारखा ताणतो. नऊ मीटरचा पट्टा दोन मीटरपर्यंत लांबतो. पुढची गाडी निघते, दोर ताणत जातो, त्यात जोर साठतो आणि तो साठलेला जोर रुतलेल्या गाडीला उचलून देतो. पण तो फासा ट्रेलरच्या गोळ्याला असला आणि गोळा तुटला, तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. यात माणसे मेली आहेत. ट्रेलरचा गोळा संथ ओढीसाठी असतो, हिसक्यासाठी नसतो. दोर बांधायचा तो गाडीच्या मूळ सांगाड्याला, चासीला, जिथे त्यासाठी खास हुक दिलेला असतो तिथे. मधली शॅकलही अशी, की जिच्या अंगावर किती टन पेलणार ते कोरलेले आहे. पावणेपाच टन लिहिलेली भाच्याजवळ होती. ज्या लोखंडावर आकडा नाही त्यावर विश्वास नाही.

दोर सुद्धा फार बळकट घेऊन चालत नाही, हे ऐकून मी चक्रावलो. हलक्या गाडीच्या भरल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट त्याची ताकद हवी. त्याहून फार जाड घेतला तर तो ताणतच नाही, नुसता हिसका बसतो. साखळी तर मुळीच नको. म्हणजे मदत करणाऱ्यात जोर हवाच, पण त्याआधी थोडे लवचीकपण हवे. आमच्या नात्यात दोन-तीन साखळ्या आहेत. मनाने सोन्यासारखी माणसे, कुणाच्याही हाकेला धावणारी. पण त्यांनी मदत केली की ज्याला केली त्याचा बंपर हातात येतो.

ते कंदुरावाले गृहस्थ काही न बोलता वाळूत आडवे झाले आणि गाडीच्या पोटाखाली पाहू लागले. पांढऱ्याशुभ्र कपड्यानिशी! उठले आणि म्हणाले, "पहले खोदो." वीस मिनिटे सगळ्यांनी मिळून चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू उपसली. त्या तरुणाच्या टायरात अजून पस्तीस पौंड हवा होती, ती पंधरावर आणली. फळ्यांवरची किमतीची चिठ्ठी काढून त्या चाकांखाली सारल्या. मूल आणि दोघी बायका लांब, दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, एका बाजूला. दोराच्या मध्यावर एक जड गोधडी टाकली, म्हणजे तुटलाच तर उसळी कमी. आणि मग त्यांच्या पिकअपने हळूच, लग्नात नवरीला पुढे करावे तसे, एकदा ओढले. गाडी आपल्याच चाकांनी बाहेर आली. दोराने फक्त धीर दिला.

तरुणाने खिशात हात घातला. गृहस्थांनी मान हलवली. तरुणाचा चेहरा पडला. ज्याला कधी घ्यायची सवय नसते त्याला नुसते घेणे फार जड जाते. गृहस्थांना ते दिसले असावे. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आमच्या हिच्या हातातल्या डब्याकडे बोट केले आणि दोन चकल्या मागून घेतल्या. एक त्या तरुणाला दिली, एक स्वतः खाल्ली. मला वाटते, त्या सकाळची सर्वांत अवघड ओढ त्यांनी त्या चकलीने काढली.

इथे एखादा वाचक म्हणेल, पण अशा माणसाला काढायचेच कशाला? हवा सोडली नाही, ऐकले नाही, लहान मूल घेऊन आला. भोगू दे. हा प्रश्न वरवर कठोर वाटला तरी खोटा नाही, आणि तो विचारायला शारजाला जावे लागत नाही. कोकणात आमचा एक आतेभाऊ समुद्राकाठी राहतो. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येतात. किनाऱ्यावर गाडी नेऊ नये असा फलक असतो, त्या फलकाशेजारीच फोटो काढून गाडी खाली घालतात. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, म्हणून पुढे जातात आणि जरा कोरड्या भुसभुशीत पट्ट्यात वळले की बसतात. वर भरतीची वेळ ठाऊक नाही. आतेभावाला ठाऊक असते : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पुरी. समुद्र पंचांग पाळतो, पर्यटक पाळत नाही.

आतेभावाचा ट्रॅक्टर आहे. मी त्याला विचारले, "अरे, या लोकांना काढतोस कशाला? त्याच वाळूत कासवं अंडी घालतात, हे त्यावरून गाड्या फिरवतात."

"म्हणून तर काढतो," तो म्हणाला. "गाडी राहिली तर तेल कुणाच्या समुद्रात जाणार? त्याच्या का माझ्या?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि भरती काय शहाणा-मूर्ख बघून येत नाही, दादा. मग मी तरी कशाला बघू? आधी काढायचा, शिव्या मागाहून. डिझेलचे पैसे घेतो, काढण्याचे नाही."

याच्याइतके चोख उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळाले असते असे वाटत नाही. मदत हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. तसे असते तर जगात दोर विकलेच गेले नसते, कारण चांगला वागणारा सहसा रुततच नाही. पण शिव्याही माफ नाहीत. त्या फक्त रांगेत दुसऱ्या. आणि डिझेलचे पैसे घ्यावेत, यातही शहाणपण आहे. पैसे दिले की रुतलेल्याची मान थोडी वर येते. म्लेह्याला चकली, कोकणात डिझेल. चलन वेगळे, व्यवहार एकच.

मदत मुळीच मिळाली नाही, तर काय होते? याचे एक उदाहरण पृथ्वीवर नाही, मंगळावर आहे. 'स्पिरिट' नावाची नासाची सहा चाकी गाडी २००४ साली तिथे उतरली. तीन महिने चालेल असे गृहीत होते, ती सहा वर्षे चालली. २००६ साली तिचे एक पुढचे चाक निकामी झाले, तरी ते फरफटत ओढत ती फिरत राहिली. २००९ च्या मे महिन्यात वरून टणक दिसणारे कवच फुटून ती खालच्या मऊ मातीत रुतली. कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी तसाच मातीचा हौद तयार केला, त्यात तशीच गाडी रुतवली आणि महिनोन्महिने बाहेर काढायची तालीम केली. जगातली सर्वांत हुशार माणसे सल्ला द्यायला होती. पण दोराचे दुसरे टोक धरायला जवळ कुणी नव्हते. जुळी गाडी होती 'ऑपर्च्युनिटी', ती २००५ साली अशीच रुतून पाच आठवड्यांनी सुटली होती. पण ती मंगळाच्या दुसऱ्या बाजूला. जानेवारी २०१० मध्ये नासाने जाहीर केले की स्पिरिट आता आहे तिथेच राहून काम करील. तिने तसे केलेही. २२ मार्च २०१० ला तिचा शेवटचा निरोप आला. पुढे 'क्युरिऑसिटी' नावाची दुसरी गाडी २०१५ साली मंगळावरच्या ज्या वाळूच्या टेकड्यांपाशी गेली, त्यांना नाव दिले आहे बॅग्नोल्डचे. भंगारवाल्याकडून पन्हळी घेणाऱ्या माणसाचे नाव अशा जागी पोहोचले, जिथे पन्हळ टाकायलाही कुणी नाही.

स्पिरिटची गोष्ट भाच्याने मला रात्री गच्चीवर सांगितली आणि तो एकदम गप्प झाला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक चाक निकामी, तरी फरफटत काम चालू. त्याला काय आठवत होते ते मला कळले. मी म्हटले, "अरे, तू दर रविवारी काय करतोस सांगू? तिकीट काढतो म्हणतोस, विमानतळावर व्हीलचेअर सांगतो म्हणतोस, इथे बाई ठेवतो म्हणतोस. हा सगळा जोर बरोबर आहे. पण तू दोर बांधतोस तिच्या गुडघ्यांना. गुडघा हा तिचा ट्रेलरचा गोळा आहे. तुटून तुझ्याच अंगावर येणार."

"मग कुठे बांधू, मामा? तुम्हीच सांगा."

"चासीला. पस्तीस वर्षं तिनं काय केलं?"

भाच्याची दोन्ही मुले मराठी समजतात, पण बोलताना 'मी पाणी पितो आहे' हे वाक्य पूर्ण करायला त्यांना तीन भाषा लागतात. हे दुखणे खरे होते, बनवलेले नव्हते. ताईला गुंडाळायची युक्ती म्हणून मी ते सांगत नव्हतो, आणि तशी युक्ती ताईने पहिल्याच वाक्यात पकडली असती. भाच्याला खरोखरच मदत हवी होती. आईपुढे आपण देणारेच राहायचे या हट्टात मागायचे तेवढे तो विसरला होता. पुढचे तीन-चार रविवार त्याने शारजाचा शब्द काढला नाही. नुसते खणले. मुलांना फोनवर बसवले, त्यांचे मराठी आजीला ऐकवले. पाचव्या रविवारी म्हणाला, "आई, माझ्याच्यानं होत नाही. तू शिकवशील का?" त्या दिवशी, ऐकतो ते खरे असेल तर, गॅस बंद होता.

ताई आता तीन महिन्यांसाठी शारजात आहे. त्याच इमारतीतली आणखी पाच मराठी मुले दुपारी तिच्यासमोर बाराखडी गिरवतात. परतीचे तिकीट मात्र तिने स्वतःच्या पेन्शनमधून, जाण्याआधीच काढून ठेवले. भाच्याला त्याचे वाईट वाटले. मी त्याला सांगितले, वाटून घेऊ नकोस. शहाणा माणूस दुसऱ्याच्या गाडीला दोर लावतो, तरी आपले फावडे घरी ठेवून येत नाही.

परवा तिचा फोन आला. लिफ्टमधून उतरताना नातू हात धरतो, म्हणाली. मी विचारले, "तू धरू देतेस?"

"मी कशाला धरू देऊ?" ताई म्हणाली. "तो लहान आहे. मी त्याचा धरते."